नणंदेचा दाखला

तव्यावरची भाकरी करपून धूर निघायला लागला, तरी चारुलताचं तिकडे लक्ष नव्हतं. तिच्या हातात एक जाड, गुळगुळीत कागद होता. कागदाच्या माथ्यावर माजी नगरसेवक वना आप्पांचा हात जोडलेला रंगीत फोटो होता, आणि खाली टाईप केलेलं होतं की सदर चारुलता दीपक देसले ही होतकरू तरुण असून तिची वर्तणूक चांगली आहे व ती कोणत्याही समाजविघातक कृत्यात सामील नाही.

बेचाळीस वर्षांची होतकरू तरुण! तिनं कागदाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. दीपक दारात उभा होता, आगारातली ड्युटी संपवून आप्पांच्या ऑफिसबाहेर दोन तास बसून आलेला, आणि आता बायको काहीतरी चांगलं बोलेल म्हणून वाट पाहत होता.

“हे काय आहे?” तिनं विचारलं.

“रेफरन्स. तुला पाहिजे होता ना? आप्पा म्हणाले, याच्यापेक्षा वजनदार पाहिजे असेल तर वरून आणून देतो.”

“अहो, मला वजन नकोय. माझं काम पाहिलेला माणूस पाहिजे. वना आप्पांनी माझं काय काम पाहिलं? मतदानाला बोटाला शाई लावलेली पाहिली असेल फार तर.”

तेवढ्यात पुढच्या खोलीतून लोटन आबांचा आवाज आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सासरे, जन्मभर एसटी चालवलेले, कानानं मंद झालेले. पण जे ऐकायचं ते त्यांना बरोबर ऐकू यायचं.

“काय व्हयनं वं पोरी? कागद चांगला शे ना? त्यामा फोटो भी शे.”

चारुलतानं करपलेली भाकरी तव्यावरून उचलली आणि गॅस बंद केला. या घरात रेफरन्स म्हणजे ओळख आणि ओळख म्हणजे वशिला, हे समीकरण इतकं घट्ट बसलं होतं की गेल्या आठ दिवसांत तिनं चार वेळा समजावूनही काही उपयोग झाला नव्हता. परवा आबांनी गावाकडच्या पोलीस पाटलाचा, छगनचा, शिक्का मारलेला दाखला मागवला होता. त्यात ती कै. तानुबाई यांची सून असून सध्या देवपूर येथे राहते, एवढंच लिहिलं होतं. हे काय कमी होतं, म्हणून आज वना आप्पा.

झालं होतं असं. साक्री रोडवर नवीन लॅब निघाली होती, रक्त-लघवी तपासणीची, आणि तिथं टेक्निशियन पाहिजे होत्या. लग्नाआधी आणि लग्नानंतरही चारुलता धुळ्यातल्या एका लॅबमध्ये हेच काम करत होती; तेरा वर्षं केलं होतं. मग नऊ वर्षं घरी. मुलाखतीला गेली तेव्हा तिला वाटलं होतं, ते हसतील. पण त्यांनी तिच्यापुढे एका म्हाताऱ्या, नसा हरवलेल्या पेशंटचा हात ठेवला, आणि तिनं पहिल्याच टोचणीत, एकही थेंब वाया न घालवता नमुना घेतला. हात विसरला नव्हता. विसरेल कसा? नऊ वर्षं ती सासूच्या हातातून दर पंधरवड्याला रक्त काढत होती... फक्त त्याला कुणी नोकरी म्हणत नव्हतं.

नाशिकच्या ऑफिसातून गिरासे मॅडमचा फोन आला होता. आवाज गोड, पण नियमाला पक्क्या. “तुमचं काम आम्हाला आवडलं. पण नऊ वर्षांचा खंड आहे ना ताई, तेव्हा दोन रेफरन्स लागतील. गेल्या तीन वर्षांत तुमचं काम प्रत्यक्ष पाहिलेली माणसं. शुक्रवारपर्यंत. आणि एक, नातेवाईक नकोत. नातेवाईक कौतुकच करतात.”

चारुलताला त्या वेळी हसू आलं होतं. कौतुक? देसल्यांच्या घरात?

पण शोधायला बसली, तेव्हा हसू मावळलं. तीन वर्षांची अट बाजूला ठेवली, तरी जुन्या लॅबचे डॉक्टर कोरोनात गेलेले. त्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. बरोबरीची एक मैत्रीण सुरतला, तिचा नंबर लागत नाही. दुसरी म्हणाली, “अगं, नऊ वर्षं झाली, मी आता काय सांगू?” घरी येऊन सासूला, आईंना, तपासणारे डॉ. प्रेमराज मात्र एका शब्दात तयार झाले. एक रेफरन्स झाला. दुसरा? गल्लीतल्या बायकांनी तिची नऊ वर्षं खिडकीतून पाहिली होती. पण समोरची कोकिळा ही आबांच्या चुलतभावाची सून, शेजारचे भिंतीला भिंत लागलेले ते आईंच्या माहेरचे, आणि कोपऱ्यावरचा दुकानदार तिच्या स्वतःच्या मावशीचा जावई. ज्याला विचारावं तो कुठून तरी सोयरा निघायचा.

आबांना ही अडचण कळलीच नाही. “बठ्ठा आपलाच शेतस, पोरी,” ते म्हणाले होते. “परका मानूस कथाइन आनू?”

आणि या सगळ्या वैतागाच्या तळाशी एक वाक्य होतं. आठ महिन्यांपूर्वीचं... आईंच्या तेराव्याचं. जेवणं चालली होती, मंडपात शंभर माणूस बसलं होतं. कुणीतरी सहज म्हणालं की चारुलतानं फार केलं हो म्हातारीचं. तेव्हा तिची नणंद, दीपकची थोरली बहीण दिपमाला, हातातली ताटं खाली ठेवून म्हणाली होती, “केलं म्हणजे काय? नोकरीचा कंटाळा होताच तिला. घरात बसायला आईचं निमित्त मिळालं. आता निमित्तही गेलं, आता काय करेल कोण जाणे.”

शंभर माणसांत! आणि ते वाक्य कुणी उच्चारावं? दिपमाला अक्कांनी!

कारण नऊ वर्षांपूर्वी, आईंना लकवा झाला आणि उजवं अंग गेलं, तेव्हा त्यांना सांभाळायचं कुणी हा प्रश्न आला होता. दिपमाला जळगावला सरकारी दवाखान्यात नर्स होती. किती वर्षं कंत्राटावर घासल्यावर कायम होण्याचा आदेश हातातोंडाशी आला होता. रजा घेतली असती तर तो गेला असता. ती याच स्वयंपाकघरात, याच ओट्याला टेकून ढसाढसा रडली होती. तेव्हा चारुलताच म्हणाली होती, “अक्का, तुम्ही सोडू नका. तुमची सरकारी आहे, माझी खासगी. मी सोडते.” आणि दिपमालानं तिचे दोन्ही हात धरून शब्द दिला होता, “एक वर्ष, चारू. फक्त एक वर्ष. कायम झाले की मी आईला जळगावला नेते.”

दिपमाला कायम झाली. पुढे वॉर्डाची इन्चार्ज झाली. नशिराबादकडे तिनं घर बांधलं. ते एक वर्ष मात्र काही संपलं नाही. दिवाळीला यायची, आईच्या उशाशी तासभर बसायची, आणि जाताना चारुलताला चार सूचना करून जायची. चारुलता ऐकून घ्यायची. तिच्या अंतःकरणात कुठेतरी आशा होती की एक ना एक दिवस अक्का म्हणतील, चारू, तू माझ्यासाठी केलंस. त्याऐवजी तेराव्याला ते वाक्य आलं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद होतं, आणि दिपमालानं देवपूरचा उंबरा ओलांडला नव्हता.

बुधवारी दुपारी चारुलताच्या मोबाईलवर लॅबचा मेसेज आला. दोन्ही नावं मिळाली. डॉ. प्रेमराज यांच्याशी बोलणं झालं. श्रीमती दिपमाला बोरसे, परिचारिका, यांना उद्या अकरा ते एकच्या दरम्यान फोन करण्यात येईल.

तिनं तो मेसेज तीनदा वाचला. मग दीपकच्या पुढ्यात मोबाईल धरला.

“तूच म्हणालीस ना, काम पाहिलेला माणूस पाहिजे,” दीपक नजर चुकवत म्हणाला. “अक्का नर्स आहे. आणि आडनाव बोरसे. कुणाला कळतंय? नात्याच्या रकान्यात मी ‘परिचित’ लिहिलं.”

“मला न विचारता?”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

आता या माणसावर काय बोलावं? वीस वर्षांच्या संसारात दीपकनं एकदाही तिच्यावर आवाज चढवला नव्हता, आणि एकदाही तिची बाजू घेऊन बहिणीवर चढवला नव्हता. तेराव्याला तो पंगतीत वरण वाढत होता. ते वाक्य त्याच्या कानावर पडलं होतं, चारुलतानं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याची पळी क्षणभर थांबली, आणि मग तो पुढच्या पानाकडे गेला.

“जिनं मला शंभर माणसांत कामचुकार ठरवलं, तिच्याकडून मी कामाची ग्वाही मागू? आणि तीही खोटं नातं लावून?”

“मी तिला कळवलंय. ती बरं म्हणाली.”

“बरं म्हणजे?”

“बरं म्हणजे बरं. एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला.”

त्या ‘बरं’नं चारुलताचं डोकं पोखरलं. दिपमालाच्या ‘बरं’चे किती अर्थ असू शकतात, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिनं फोन लावायला घेतला आणि बोट मागे घेतलं. आठ महिन्यांनी फोन करायचा आणि काय मागायचं, दया? आणि नाव मागे घ्यावं, तर मॅडम विचारणार का, आणि खोटं उघडं पडणार. नोकरी गेली तर गेली असं तिला म्हणता येत नव्हतं. मुलगी शिकायला नाशिकला गेलेली, आई गेलेल्या. दिवसभर ती आणि आबा. सकाळी उठून अंगावर पांढरा ॲप्रन चढवायचा आणि कुणीतरी आपल्याला नावानं हाक मारायची, एवढंच तिला हवं होतं. त्या एका वाक्याला, ‘आता काय करेल कोण जाणे’ याला, तिला उत्तर द्यायचं होतं.

गुरुवारी सकाळी सहाला ती आवरून तयार झाली. दीपकला तिनं आबांपाशी घरी थांबायला सांगितलं. आबा दाराबाहेरच्या ओट्यावर चहा घेत बसले होते.

“कोठे चालनी वं?”

“जळगावला. अक्कांकडे.”

म्हाताऱ्यानं कप खाली ठेवला. “दिपमालाले सांगजो,” ते म्हणाले, “बाप आजून जित्ता शे.”

पारोळा गेलं, एरंडोल गेलं, दोन्ही बाजूंनी कपाशीची रानं मागे पडत राहिली, आणि चारुलता मनातल्या मनात वाक्यं जुळवत राहिली. ती एवढंच सांगणार होती: माझ्यासाठी खोटं बोलू नका, आणि खरं बोलायची हिंमत नसेल तर फोन उचलू नका. पाणीही घ्यायचं नाही. उभ्या उभ्या सांगायचं आणि निघायचं. बस रस्त्यात पंक्चर झाली, रिक्षावाल्यानं नशिराबादच्या भलत्याच गल्लीत सोडलं, आणि ती दिपमालाच्या दाराशी पोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते.

दार उघडंच होतं. रात्रपाळी करून आलेली दिपमाला स्वयंपाकघरात कणीक मळत होती. केस पुष्कळ पिकले होते. आठ महिन्यांत एवढे? चारुलताला पाहून तिचे हात परातीतच थांबले.

“ये,” ती म्हणाली. “बस. चहा ठेवते.”

“मी चहाला नाही आले, अक्का.” ती दाराशीच उभी राहिली. “तुम्हाला एक सांगायला आले...”

आणि ओट्यावरचा मोबाईल वाजला.

दोघींनी त्याच्याकडे पाहिलं. चारुलता पुढे झाली, मानेनं नको नको म्हणाली. दिपमालाचे दोन्ही हात कणकेनं भरले होते. तिनं करंगळीच्या टोकानं फोन उचलला आणि स्पीकर लावला.

“नमस्कार, दिपमाला बोरसे का? मी गिरासे बोलतेय, नाशिकहून. चारुलता देसले यांनी आपलं नाव दिलंय. आपण त्यांना कुठल्या नात्यानं ओळखता? फॉर्मवर परिचित असं लिहिलंय.”

चारुलतानं डोळे मिटून घेतले.

“ते चुकीचं लिहिलंय,” दिपमाला म्हणाली. “मी तिची नणंद आहे. सख्खी.”

झालं. संपलं. चारुलता जवळच्या खुर्चीत बसली.

“मग माफ करा हं,” फोनमधून आवाज आला, “आमच्या नियमात नातेवाईक बसत नाहीत. त्यांचं मत आम्ही धरत नाही. कौतुकच करतात.”

“मॅडम, तुमचं लग्न झालंय?”

“अं? हो.”

“नणंद आहे?”

“दोन आहेत.”

“त्यांनी कधी तुमचं कौतुक केलंय?”

पलीकडे कागद बाजूला सारल्याचं ऐकू आलं. मग गिरासे मॅडमचा आवाज आला, अगदी वेगळा, घरातल्या बाईचा. “बोला तुम्ही,” त्या म्हणाल्या. “मी ऐकतेय.”

दिपमाला परातीकडे बघत बोलू लागली. वॉर्डात पेशंटची माहिती सांगताना नर्स बोलते तसं सरळ, एका सुरात, आणि त्या सरळ सुराखाली काहीतरी फुटत होतं.

“मी पंचवीस वर्षं नर्स आहे. माझ्या वॉर्डात अंथरुणाला खिळलेला माणूस आला की पंधरा दिवसांत त्याची पाठ सोलते. आम्ही आठ-दहा जणी असतो, तरी सोलते. माझी आई नऊ वर्षं अंथरुणावर होती. उजवं अंग गेलेलं, वरून शुगर. तिला सांभाळायला एकटी बाई होती, ही. आई गेली तेव्हा शेवटची आंघोळ मी घातली. आमच्यात लेकीनं घालायची असते. मी तिला कुशीवर वळवली आणि पाठ बघितली. मॅडम, मी बघायचं म्हणूनच बघितली. टाचा बघितल्या, कंबर बघितली, खांद्याची हाडं बघितली. एक व्रण नव्हता. नऊ वर्षांत एकसुद्धा नाही. दर दोन तासांनी कूस बदलल्याशिवाय असं होत नाही. रात्रीसुद्धा. नऊ वर्षं दर दोन तासांनी म्हणजे काय, ते तुम्हीच मोजा, माझ्यानं मोजवत नाही.”

चारुलताला ती सकाळ आठवली. पाण्याची बादली तिनंच भरून दिली होती. अक्कांचा हात आईंच्या पाठीवर गेला होता आणि कितीतरी वेळ तिथंच राहिला होता; तिला वाटलं होतं, लेक आहे, माया आहे. तिनं तोंडाला पदर लावला.

“हे तुम्ही लेखी द्याल?” गिरासे मॅडमनी विचारलं. “आमचे प्रश्न पाठवते. चालेल की नाही ते मी नाही ठरवत, पण मी वर देईन. माझ्या हातानं देईन.”

फोन बंद झाला. स्वयंपाकघरात नळाचं थेंब थेंब पाणी ऐकू येत होतं.

“तुम्हाला माहीत होतं...” चारुलता म्हणाली. “त्याच दिवशी माहीत होतं. आणि तेराव्याला तुम्ही ते बोललात?”

“माहीत होतं म्हणूनच बोलले.” दिपमालानं कणकेच्या हातांनीच डोळे पुसायचा प्रयत्न केला आणि गालावर पीठ लागलं. “पाठीवर एक जखम सापडली असती ना, चारू, तर मला बरं वाटलं असतं. म्हटलं असतं, बघा, मी असते तर असं झालं नसतं. सापडली नाही. एक वर्ष म्हणाले होते मी, आणि तू नऊ वर्षं मला एकदाही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर भांडले तरी असते. तू गप्प राहिलीस, आणि मी दर दिवाळीला तुझ्यात खोट शोधत आले. मग लोक तुझं कौतुक करायला लागले, शंभर माणसांत, आणि मला ते ऐकवलं नाही.”

एखादी दुसरी असती तर इथं गळ्यात पडली असती. चारुलता नाही पडली. तिच्या आत नऊ वर्षांचा संताप होता आणि तो अश्रूंबरोबर असा सहजासहजी वाहून जाणारा नव्हता.

“मी विचारायला पाहिजे होतं?” ती म्हणाली. “शब्द तुम्ही दिला, आणि आठवण मी करून द्यायची? अक्का, मला काही नको होतं. एकदा म्हणाला असतात की चारू, दमलीस का गं... एकदा. मी आणखी नऊ वर्षं काढली असती.”

चारुलता उठली, पर्स खांद्याला लावली, दारापर्यंत गेली. मग तिला निरोप आठवला. तो तिचा नव्हता, म्हणून सांगणं भाग होतं.

“आबांनी सांगितलंय,” ती न वळता म्हणाली. “दिपमालाले सांगजो, बाप आजून जित्ता शे.”

मागून आलेला हुंदका ऐकून ती वळली. पन्नाशीला टेकलेली, सगळ्या वॉर्डाला धाकात ठेवणारी इन्चार्ज सिस्टर ओट्याला टेकून, तोंडावर पिठाचे हात धरून रडत होती. अगदी तशीच... नऊ वर्षांपूर्वी देवपूरच्या ओट्याला टेकून रडली होती तशीच. चारुलतानं पर्स खाली ठेवली, नळ सोडला, नणंदेचे दोन्ही हात त्याखाली धरले आणि बोटांमधली कणीक एकेक करून धुऊन काढली. मग चारुलतानं चहा ठेवला, कारण कुणीतरी ठेवायलाच हवा होता, आणि दोघींनी तो घेतला.

परतीची बस एरंडोलच्या पुढे आली असेल, तेव्हा तिचा मोबाईल लागोपाठ वाजू लागला. ‘देसले परिवार’ या घरच्या ग्रुपवर काहीतरी आलं होतं. त्या ग्रुपवर एकशे बारा माणसं होती. तेराव्याला जेवून गेलेली झाडून सगळी त्यात होती. एरवी तिथं फक्त गुड मॉर्निंग आणि वाढदिवस यायचे. आज दिपमालानं लॅबच्या फॉर्मचा फोटो टाकला होता, स्वतःच्या अक्षरात भरलेला. वर लिहिलं होतं: ‘बोलले सगळ्यांत, म्हणून लिहितेही सगळ्यांत.’

चारुलतानं फोटो मोठा केला. उमेदवाराचं काम: जे फोनवर सांगितलं तेच, पाठीसकट. वक्तशीरपणा: दर दोन तासांनी. रजा: नऊ वर्षांत एकही नाही, कारण कुणी दिली नाही. तिचे डोळे भरून आले, अक्षरं पुसट झाली, आणि मग शेवटचा प्रश्न दिसला. संधी मिळाल्यास या व्यक्तीला तुम्ही पुन्हा काम द्याल का?

त्यापुढे दिपमालानं लिहिलं होतं: नाही.

अक्का त्या अक्काच! तिनं फोटो वर सरकवला. खाली दोन ओळी होत्या.

‘आमच्या घरानं तिला हे काम पुन्हा देऊ नये. एकदा दिलं, तेही माझ्या वाट्याचं होतं. तुम्ही द्या, दुसरं, पगार देऊन. माझ्या वडिलांना रविवारी मी घेऊन जाते आहे.’

शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं हो, कुणी गेलं का? चारुलतानं मान हलवली. नाही, म्हणाली, कुणी नाही गेलं. आणि पारोळ्यापर्यंत ती रडत राहिली.

घरी पोचली तेव्हा दीपक दारातच उभा होता, डोळे लाल. त्याच्या हातात मोबाईल होता. “तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं,” तो म्हणाला. “पंगतीत.”

“हो,” चारुलता म्हणाली. “पाहिजे होतं.” त्या दिवशी त्याला एवढंच पुरे होतं.

आबांना तिनं फॉर्म मोठ्यानं वाचून दाखवला, दोनदा. म्हाताऱ्यानं सगळं ऐकलं, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, आणि मग नेहमीच्या तिरकसपणानं म्हणाले, “एक वरीस म्हने ती. हाई लिखाले नऊ वरीस लागनात.”

गिरासे मॅडमचा फोन शनिवारी आला. वरच्यांनी आधी नियम दाखवला होता, मग फॉर्म वाचला होता. सोमवारी आठला हजर व्हा, त्या म्हणाल्या. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, ताई, तुमच्या नणंदेचा तो कागद मी माझ्या घरी नेला होता, रागावू नका.

रविवारी दिपमाला आली. आठ महिन्यांनी उंबरा ओलांडला आणि आल्या आल्या आबांच्या पिशवीत कपडे नीट भरले नाहीत म्हणून कुरकुरली. चारुलतानं गोळ्यांच्या वेळा लिहिलेली वही तिच्यापुढे धरली आणि सांगायला लागली, ही जेवणाआधी, ही नंतर, रात्रीची विसरतात ते...

“मला काय शिकवतेस? नर्स आहे मी,” दिपमाला म्हणाली, आणि वही घेऊन पर्समध्ये ठेवली. रिक्षात बसताना ती क्षणभर थांबली, भावजयीच्या गालाला हात लावला. “दमलीस का गं?” तिनं विचारलं, घाईघाईनं, कुणी ऐकेल म्हणून हळू आवाजात.

“आता नाही,” चारुलता म्हणाली.

सोमवारी साडेसातला ती निघाली. वना आप्पांचा कागद हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली चौघडी करून बसवला होता. तेवढ्यापुरतं त्याचं वजन कामाला आलं. फाटकाशी आल्यावर सवयीनं ती मागे वळली, मी आलेच हं, असं सांगायला. नऊ वर्षं आधी आईंना, मग आबांना हे सांगितल्याशिवाय ती कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही गेली नव्हती. पुढच्या खोलीतला पलंग रिकामा होता. तिनं फाटक लावून घेतलं आणि साक्री रोडची रिक्षा पकडायला निघाली.